भिंगरीचे तुषार

दूध उतू जाऊ लागले तेव्हा मूल दानम्माच्या कडेवर होते आणि गुरुपाद तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. एवढ्या मांडणीतून पुढे काय व्हायला हवे, हे कोणीही सांगितले असते. दानम्माने एका हाताने पदर खोचला, दुसऱ्या हाताने आठ महिन्यांची गिरिजा नवऱ्यासमोर धरली आणि म्हणाली, "आवं, धरा की हिला जरा, दूध चाललं." गुरुपादचे दोन्ही हात पाठीमागे गेले. त्याने ते नेले नव्हते. तव्याला लागलेले बोट जसे आपले आपण मागे येते तसे ते गेले, आणि पाठीमागे एकमेकांना घट्ट धरून राहिले. गिरिजा क्षणभर अधांतरी राहिली. तिने पाय हलवले, बापाच्या सदऱ्याचे एक बटण निरखून पाहिले. मग दानम्माने तिला परत कडेवर घेतले आणि ती स्टोव्हकडे वळली, तोवर दूध पातेल्याच्या काठावरून उतरून ज्योतीपर्यंत पोहोचले होते. करपल्याचा वास सुटला असावा, कारण कोपऱ्यात अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेल्या मल्लव्वाने नाक मुरडले. गुरुपादला वास आला नाही. त्याला बरेच दिवस कसलाच वास येत नसे. नाकाचीही नोकरीची मुदत संपते, असे तो केंद्रावर नव्याने आलेल्या माणसांना सांगत असे, आणि ती माणसे हसत.

मल्लव्वा म्हणजे दानम्माची आई. बाळंतपणासाठी नेसरीहून आली होती, आणि मूल बसू लागले तरी तिच्या परतण्याची भाषा नव्हती. तिने सुपारीचे खांड तोंडात टाकले आणि जावयाकडे न पाहता म्हणाली, "पोरगी झाली म्हणून हात मागं पळत्यात व्हय, गुरुपादप्पा? पोरीलाबी दोन हात, दोन पाय असत्यात. बघा तरी एकदा मोजून."

"अव्वा, गप की," दानम्मा म्हणाली. फडक्याने ती ओटा पुसत होती. गप की, एवढेच ती म्हणाली. 'तसं न्हाय' असे म्हणाली नाही. जे दिसते ते टिपण्याइतकेच जे दिसायला हवे होते आणि दिसले नाही तेही टिपायचे, हे गुरुपादच्या शिक्षणाने त्याला शिकवले होते. त्याने ते टिपले, डबा उचलला, आणि चहा न घेता सायकल बाहेर काढली.

शुक्रवार पेठेतून नदीच्या अंगाने केंद्राकडे जाताना उसाच्या गाड्या आडव्या येत. गुऱ्हाळे पेटली होती. साऱ्या शहरावर या दिवसांत उकळत्या रसाचा वास पसरतो, असे त्याला आठवत होते. आता फक्त धूर दिसे. सायकल मारताना तो वाक्य जुळवत होता. वाक्य लहान होते. मुलगी झाली याचे मला काही वाटत नाही. मी तिला शिवत नाही, कारण चार वर्षांपूर्वी एका मुलाला मी रोज संध्याकाळी उचलून घेत होतो. यात न समजण्यासारखे काही नव्हते. पण वाक्य एकदा तोंडाबाहेर पडले की ते विधान होते, आणि विधानाला पुरावा लागतो. त्याच्याजवळ पुरावा नव्हता. ज्याला पुरावा नाही ते मनात ठेवावे, असे काही कोणी त्याला शिकवले नव्हते. तो भाग त्याने स्वतः वाढवला होता.

केंद्र म्हणजे शहराचे मैलापाणी जिथे येऊन थोडेफार पाण्यासारखे होत असे ती जागा. पाणी आधी मोठ्या टाक्यांत निवळत असे, मग दगडांनी भरलेल्या एका विस्तीर्ण गोल हौदावर शिंपडले जाई. हौदाच्या मधोमध खांब, खांबाला चार लांब लोखंडी हात, हातांना भोके. पाण्याच्याच जोराने ते हात सावकाश फिरत, अहोरात्र. दगडांवर बुळबुळीत थर चढलेला असे आणि त्या थरातले जीव पाण्यातली घाण खात. कामगार या यंत्राला भिंगरी म्हणत. गुरुपाद रसायनशास्त्राची पदवी घेऊन इथे केमिस्ट म्हणून लागला तेव्हा त्याला या भिंगरीचा अभिमान वाटला होता. देवळात न जाणारा माणूस जसा एखाद्या टेकडीवर जाऊन बसतो तसा तो संध्याकाळी तिच्यापाशी जाऊन उभा राही. आईने लहानपणी गळ्यात बांधलेले इष्टलिंग त्याच्या सदऱ्याखाली होते. त्यावर त्याची श्रद्धा नव्हती, आणि ते काढून ठेवावे असेही त्याला कधी वाटले नव्हते. पण न दिसणाऱ्या जीवांनी एका शहराची घाण निमूटपणे खाऊन टाकावी, यावर त्याची श्रद्धा होती, कारण ते त्याला रोज सकाळी परीक्षानळीत दिसत असे.

राहायला कुंपणालगतची खोली मिळाली होती. दानम्मा त्या खोलीत आली, आणि चन्नवीर तिथेच झाला. मूल मान धरू लागल्यापासून गुरुपाद कामावरून आला की त्याला डाव्या हातावर घेई आणि कुंपणापाशी नेऊन भिंगरी दाखवी. ऊन उतरत असे, पश्चिमेचा वारा सुटलेला असे, आणि फिरत्या हातांतून निघालेल्या धारा वाऱ्याने फुटून त्यांचे तुषार होत. त्या तुषारांत कधी कधी इंद्रधनुष्याचा तुकडा उमटे. चन्नवीर तो धरायला हात पुढे करी. तुषार त्याच्या तोंडावर येत; तो डोळे मिटे, दचके, आणि हसे. मूल पोटातून हसते म्हणजे काय, ते गुरुपादला त्या कुंपणापाशी कळले. त्याने ते तोंड कधी पुसले नाही. पुसावे असे काही त्यावर दिसत नव्हते.

पावसाळा सरता सरता चन्नवीरला जुलाब झाले. दोन दिवस घरगुती औषधे झाली, मग दवाखाना, आणि दवाखान्यात सलाईन लावायला शीर सापडली नाही. त्याला बसते करून, भस्म लावून, समाजाच्या रीतीप्रमाणे मातीत ठेवले. गुरुपादने ती खोली सोडली आणि शुक्रवार पेठेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. एवढ्यावर हे थांबले असते. पुष्कळ घरांत असे होत होते, आणि पुष्कळ घरे पुढे जात होती. परंतु वर्षभराने विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुसरेच काहीतरी शोधताना त्याला एका परदेशी नियतकालिकात एक लेख दिसला. अशाच भिंगरीवरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला कोणीतरी ओळीने काचेच्या उघड्या बशा मांडल्या होत्या आणि त्यांत मैलापाण्यातले जंतू उगवले होते. तुषार हवेत सुकतात, पण त्यांतले जंतू लगेच मरत नाहीत. ऊन असेल तर लवकर मरतात, हवा दमट असेल, दिवस मावळत असेल तर वाऱ्याबरोबर बरेच लांब जातात. लेखाच्या शेवटी म्हटले होते की, यामुळे आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. गुरुपादने ते शेवटचे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. ते वाक्य प्रामाणिक होते. लेखकाच्या जागी त्यानेही तेच लिहिले असते. आणि तरीही ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरताना, आपल्या डाव्या हाताला वजन नाही, हे त्याला इतके स्पष्ट जाणवले की त्याने डबा त्या हातात घेतला.

गिरिजा झाली तेव्हा त्याने आपले नियम केले. केंद्रावर आंघोळ, केंद्रावरच कपडे बदलणे, घरी आल्यावर पुन्हा आंघोळ, चपला बोळात. तरीही मुलीला शिवायचे नाही, कारण केस आहेत, नखे आहेत, श्वास आहे. दानम्माला त्याने 'कामाचं अंग असतं' एवढे सांगितले. आणि दर रविवारी त्याने एक प्रयोग सुरू केला. आगर भरलेली काचेची बशी तो केंद्रावरून घेऊन येई. आगर म्हणजे जेलीसारखा थर, जंतूंचे जेवण. पाळण्यावरच्या फळीवर ती उघडी ठेवायची, आपल्याच अंगाचे काही तीत पडू नये म्हणून तासभर बाहेर जायचे, परत येऊन बशी बंद करायची आणि लगेच केंद्रावर नेऊन तिथल्या उबदार कपाटात, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, जंतूंना उगवायला ठेवायचे. मैल्यातले जंतू असतील तर तांबडे ठिपके उगवतील. ठिपके नसतील तर घर निर्मळ आहे, आणि मूल उचलायला हरकत नाही. भिंगरीच्या कुंपणावर ठेवलेल्या बशीत एकात एक मिसळलेले इतके ठिपके आले होते की मोजण्याचा प्रश्न नव्हता. मंडईत ठेवलेल्या बशीत थोडे ठिपके आणि बुरशीची पांढरी लव आली होती. घरच्या बशीत काहीच आले नाही. पुढच्या रविवारी काहीच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच नाही. पहिल्या निर्मळ बशीनंतर मूल उचलायचे असे त्याने ठरवले होते. पण एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये, म्हणून दुसरी बशी आली. मग ऋतू बदलला, म्हणून आणखी बशा. प्रत्येक वेळी कारण शास्त्रशुद्ध होते. प्रत्येक वेळी मुलगी थोडी मोठी झालेली असे.

आज त्याने इन्क्युबेटर उघडून कालची बशी उजेडात धरली. निर्मळ. तळाशी आपल्याच बोटांची सावली दिसावी इतकी निर्मळ. बाहेर भिंगरी फिरत होती. पिराजी, जो तिची भोके तारेने साफ करत असे, दारात येऊन उभा राहिला. "सायेब, तुमी त्या बशीकडं असं बगता, जनू सासू आलीया ताटात."

"सासू घरीच आहे," गुरुपाद म्हणाला.

"मग घाई कशाची? हितंच जेवा की."

पिराजी हसत गेला. गुरुपाद बशी धरून उभाच राहिला, आणि अनेक महिन्यांत पहिल्यांदा त्याच्यातला केमिस्ट त्याच्यातल्या बापाशी उद्धटपणे बोलला. तांबडे ठिपके नाहीत, ठीक. पण बुरशीसुद्धा नाही? धुळीचा एक कणसुद्धा नाही? त्या खोलीत स्टोव्ह आहे, पाळणा झुलतो आहे, सासू सुपारी कातरते आहे, खिडकीखालून गाड्या जातात. इतकी स्वच्छ हवा कोल्हापुरात कुठेच नाही. बहुधा पृथ्वीवर कुठे नसावी. इतकी सरळ गोष्ट इतके महिने दिसू नये, याला एकच कारण असू शकत होते. ती त्याला पाहायची नव्हती. निर्मळ बशीवर त्याला विश्वास ठेवायचा नव्हता आणि तिच्यावाचून राहवतही नव्हते.

त्या संध्याकाळी, वार सोमवार असूनही, तो नवी बशी घेऊन घरी गेला. फळीवर ठेवली, झाकण काढले, "मंडईत जाऊन येतो" म्हणाला, आणि बोळात जाऊन खिडकीच्या गजांआड उभा राहिला. आपल्याच घरात चोरून पाहणारा माणूस कसा दिसतो, हे समोरच्या ओट्यावर गहू निवडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर त्याला दिसले. आत दानम्मा आईशी लाल चटणीतल्या लसणाबद्दल बोलत होती. बोलता बोलता ती उठली, मांडणीवरची एक ताटली घेतली, फळीपाशी आली, बशीवर ती ताटली ठेवली, आणि वाक्य न तोडता परत जाऊन बसली. तिने बशीकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. विरजणावर जाणारा, पाण्याच्या घागरीवर जाणारा, मळलेल्या पिठावर जाणारा तोच हात तिथे गेला होता.

गुरुपाद आत आला. "हे काय केलंस?"

"काय केलं?"

"झाकलंस ते."

"मग? उघडं ठिवायचं? घरात लेकरू हाय, वर पाल हाय."

"नेहमी झाकतेस?"

"तुमी दर आयतवारी इसरून जातासा आणि मी झाकतो. तुमची सायकल बोळात वाजली की काढतो. तुमाला उघडं लागतंय, एवढं कळतंय मला. कशाला उगंच तोंडाला तोंड." ती त्याच्याकडे पाहत होती. "चुकलं व्हय काय?"

तो उंबऱ्यावर बसला. त्याला राग यायला हवा होता, आणि तो येत होताही. पण वाटेत कुठेतरी त्याची दिशा बदलली आणि त्याचे खांदे हलू लागले. हसू होते की दुसरे काही, हे मल्लव्वालाही कळेना. तिने सुपारी हातातच धरली. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत ही चूक झाली नसती, कारण कुठल्याही प्रयोगशाळेत दानम्मा नव्हती. इतके रविवार तो जे वाचत आला ती घरातली हवा नव्हती. ती त्याच्या बायकोची सवय होती. मग तो बोलला. वाक्य जुळवलेले होते, पण बाहेर आले ते तुटत तुटत. भिंगरीचे पाणी वाऱ्यात फुटते. त्यात जे असते ते वाऱ्याबरोबर येते. दिसत नाही. अंगावर बसते. "मी त्याला रोज कुंपणापाशी न्यायचो. तोंडावर यायचं त्याच्या. मी पुसलं नाही."

"कुणाच्या?" दानम्माने विचारले. तिला माहीत होते. ते नाव चार वर्षांत त्या घरात उच्चारले गेले नव्हते आणि ते आपण आधी उच्चारावे अशी तिची तयारी नव्हती.

"चन्नवीरच्या."

पाळणा झुलायचा थांबला होता. दानम्माने पायाने त्याला पुन्हा ढकलले. "म्हणून हिला घेत न्हाईसा?"

"हो."

"पोरगी म्हणून न्हवं?"

"नाही गं."

"आठ म्हैनं," दानम्मा म्हणाली. "आठ म्हैनं मी हितं मान खाली घालून बसलोय. अव्वा बोलती, शेजारीण बोलती, आणि मी म्हणतोय, बोलू द्या, खरंच हाय ते. एक सबूद सांगाय काय झालतं तुमाला?" तिचा आवाज चढला आणि मध्येच बसला. पाळण्याकडे पाहत ती म्हणाली, "त्याला जुलाब लागायच्या आधी आपण जत्रंला गेलतो. तो लई रडाय लागला. तितल्या रांजणातलं पाणी मी पाजलं त्याला, न उकळता. तुमी बत्तासं आणाय गेलतासा. तुमाला सांगितलं न्हाय मी."

"दोघंबी येडी हायसा," मल्लव्वा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "दृष्ट लागलती त्याला. असलं टपोरं पोर, आणि रोज तिनीसांजंला कुंपणापाशी उभं करून दुनियेला दाखवायचं! मी नेसरीला बसून सांगाय पायजे हुतं, तीट लावा म्हणून. न्हाय सांगितलं."

गुरुपाद उंबऱ्यावरून तिघांकडे पाहत होता; तिघांत त्याने पाळणाही धरला होता. एका मृत्यूची तीन कारणे या दोन खोल्यांत इतकी वर्षे एकमेकांना न भेटता राहत होती. तिन्हींना पुरावा नव्हता. शास्त्राच्या दृष्टीने त्याचे कारण त्यातल्या त्यात सभ्य होते, रांजणाचे बहुधा अधिक संभाव्य होते, आणि सासूचे मोजताच येण्यासारखे नव्हते. पण प्रत्येकाने निवडून घेतलेले कारण असे होते की, त्यात त्या माणसाचा स्वतःचा हात असावा. दुसऱ्याच्या हातून झाले असे मानायला कोणीच तयार नव्हते. याला काय म्हणायचे हे त्याला सांगता आले नसते.

"मग आता घ्या तिला," दानम्मा म्हणाली.

"आता तर काहीच सिद्ध नाही. झाकलेल्या बशीला अर्थ नाही."

"मग ठिवा एकदा उघडी, आणि मिटवा."

त्याने बशीवरची ताटली काढली. यावेळी तो बाहेर गेला नाही. चौघे त्या खोलीत बशीच्या पहाऱ्यावर बसले. पाहुणा यावा आणि त्याच्याशी काय बोलावे ते सुचू नये तसे ते बसले होते. थोड्या वेळाने दानम्माने आपला उजवा हात मांडीखाली घेतला. "राहवंना की," ती म्हणाली, आणि मल्लव्वा पदरात तोंड घालून हसली. गिरिजानेही हसून पाहिले, कोणाकडे तरी, सगळ्यांकडे.

दुसऱ्या दिवशी बशी इन्क्युबेटरमध्ये गेली. त्याच्या पुढल्या दिवशी सकाळी ती पाहायची होती. निघताना गिरिजा किरकिरत होती; रात्री तिने दूध बाहेर काढले होते आणि पहाटे दोनदा शी पातळ झाली होती. "दात येत असत्याल," मल्लव्वा म्हणाली, आणि गुरुपादने ते ऐकून घेतले, कारण त्याला ते ऐकायचे होते. केंद्रावर पोहोचून त्याने सदरा बदलला, इन्क्युबेटरच्या कडीवर हात ठेवला, आणि तेवढ्यात पिराजी पळत आला. आज तो हसत नव्हता. "सायेब, हापिसात फोन आलाय, तुमच्या कोपऱ्यावरल्या दुकानातनं. वैनी बलवत्यात. पोरीला जुलाब लागल्यात." कडी तशीच राहिली.

सायकलवर त्याला भीतीच्या आधी एक हिशेब सुचला, आणि त्या हिशेबाची त्याला शरम वाटली. आठ महिने शिवलो नाही, आणि तरीही. म्हणजे ते वाऱ्याने आले नव्हते? की वाऱ्यानेच, पण दुसऱ्या? की हाताने, पाण्याने, चमच्याने, माशीने, रस्त्यावरून? दार इतक्या बाजूंनी उघडे असताना तो एका फटीवर पाठ लावून उभा होता. उसाच्या गाडीमागे त्याला पायी चालावे लागले. पुढे जायला जागा नव्हती. गाडीवान म्हणाला, "पावणं, दमानं की." त्याने मान हलवली.

पेठेतले डॉक्टर घरी येऊन गेले होते. त्यांनी सांगितलेले दानम्माने जसेच्या तसे सांगितले: उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि मीठ, चमचा चमचा, थांबायचे नाही, अंगावरचे दूध चालू, ओकली तर थोडे थांबून पुन्हा. संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर भ्यायचे कारण नाही. झाली नाही तर मोठा दवाखाना. मोठा दवाखाना म्हणताना तिने वर पाहिले नाही. गिरिजा तिच्या मांडीवर होती, कालच्यापेक्षा लहान दिसत होती, डोळे आत गेलेले. टाळू बसली होती; कपाळावरच्या भस्माच्या वर एक उथळ खळगा दिसत होता. पाण्याची वाटी मल्लव्वाने केली होती. गुरुपादने एक थेंब जिभेवर घेतला आणि वाटी ओतून दिली. मीठ जास्त होते. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट असता कामा नये, असे कुठेतरी वाचलेले त्याला आठवले. त्याने पुन्हा केले, चाखले, पुन्हा चाखले. ही एक गोष्ट त्याला करता येत होती. मग त्याने साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि धुऊन झाल्यावर पुन्हा धुऊ लागला.

"आवं," दानम्मा म्हणाली, "कातडं जाईल. माझ्या हातनं चमचा सांडतोय. घ्या आता."

तिने मूल पुढे केले. गुरुपादने हात पुढे केले, आणि गिरिजा त्यांत आली.

ती डाव्या हातावर आली, कारण मूल तिथेच येते. वजन आधी कोपराच्या वळणात उतरले, मग दंडात, मग बरगडीवर. चन्नवीर याहून जड होता. किंवा हात तेव्हा तरुण होता. किंवा आठवण वजन वाढवते, त्याला ठरवता येईना. त्याने पहिला चमचा तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड फिरवले. त्याने वाट पाहिली. दुसरा चमचा हनुवटीवरून ओघळला, तिसरा गेला. गिळताना तिच्या गळ्यात एक बारीक हालचाल झाली आणि ती त्याच्या मनगटाला लागली. भिंगरीचे फिरते हात इतकी वर्षे थेंब थेंब दगडांवर सोडत होते आणि तो त्यांच्यापाशी उभा राहून मोजमाप घेत होता. थेंब आत जाताना असा हाताला लागतो हे त्या कुठल्या मापात नव्हते. ती ओकली, त्याच्या छातीवर, सदऱ्याखालच्या इष्टलिंगापर्यंत ओल गेली. मल्लव्वा फडके घेऊन धावली. त्याने मान हलवली, थांबला, आणि पुन्हा चमचा भरला. मध्ये दानम्माने तिला अंगावर घेतले. दोन घोट, आणि परत. दुपार खिडकीतून सरकत पाळण्यापर्यंत आली. केंद्रावरच्या कपाटात, त्या उबेत, ठिपके उगवले असतील किंवा नसतील. एका खोलीतल्या एका तासाच्या हवेबद्दल ती बशी काहीतरी सांगत असेल, आणि ते खरे असेल. ते काय असेल याची त्याला या क्षणी उत्सुकता नव्हती, याचेच त्याला अस्पष्ट आश्चर्य वाटले. गिरिजाने डोळे उघडले. सदऱ्याच्या बटणाकडे हात नेला, बोटे पुरली नाहीत, हात परत पडला. त्याने मान खाली करून तिच्या टाळूला नाक लावले. त्याला तेलाचा, दुधाचा, ओकारीचा वास यायला हवा होता. आला की नाही, हे तो खात्रीने सांगू शकला नसता. काहीतरी ऊन आणि आंबट, फार लांबून आल्यासारखे, होते.

"काय हुंगतासा?" दानम्माने हळूच विचारले.

"काही नाही. चमचा दे."

ऊन भिंतीवर चढून फिके झाले. शाळा सुटल्याचा गलका बोळातून गेला. मल्लव्वा पाळण्याच्या दोरीला धरून काहीतरी कानडीत पुटपुटत बसली होती. गुरुपाद पाहत होता तो गिरिजाच्या मांड्यांखालच्या कोरड्या फडक्याकडे. तो रोज शहरभराचे पाणी तपासत असे. आता त्याला त्या फडक्यावर चमचाभर पाणी हवे होते, आणि ते मागायला जागा नव्हती. दानम्मा उठली, ट्रंकेतून मुलीची दोन झबली आणि शाल काढून पिशवीत भरू लागली. दवाखान्याची तयारी करते आहे, हे दोघांनाही कळत होते. "रिक्षा बघाय सांगू?" तिने शेवटी विचारले. तो हो म्हणणार होता. तोंड उघडलेही होते.

आणि त्याच्या मांडीवर ऊब पसरली. आधी त्याला कळले नाही. त्याला वाटले, हात अवघडून बधिर झाला. मग ती ऊब खाली गुडघ्याकडे उतरली, फडक्यातून, पायजम्यातून, भरपूर, सावकाश. त्याने नुसते दानम्माकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावरून भलताच अर्थ काढून तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

मल्लव्वाने वाकून पाहिले. "मुतली!" ती ओरडली, बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. "दानव्वा, मुतली की गं पोरगी! बापाच्या मांडीवर मुतली बघ!" समोरच्या ओट्यावरून कोणीतरी "काय झालं?" विचारले आणि मल्लव्वाने तेच पुन्हा, अधिक मोठ्याने, दारात जाऊन सांगितले.

दानम्मा जमिनीवर बसली होती आणि रडत होती, किंवा तिला हसू फुटत होते. डोळे पुसत ती गुडघ्यांवर पुढे आली आणि तिने हात पुढे केले. "द्या हिकडं. ओलं बदला तुमी."

"राहू दे," गुरुपाद म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

ओल हळूहळू गार होत गेली. तो हलला नाही.